मिटलेलं टोडस्टूल: एका लेदर कोरलच्या आजारपणाची हकिकत

या प्रकरणातलं कोरल, म्हणजे प्रवाळ, घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं, सार्कोफायटॉन नावाचं. हौशी मंडळी त्याला टोडस्टूल लेदर म्हणतात. जाड देठ, त्यावर भूछत्रासारखी छत्री, आणि छत्रीभर बोटाच्या पेराएवढे पॉलिप, म्हणजे फुलासारखे उघडणारे-मिटणारे इवले जीव. माझ्याकडे ते तीन वर्षं होतं. आलं तेव्हा मुठीत मावेल एवढं होतं. आजारी पडलं तेव्हा छत्रीचा व्यास १८ सेंटीमीटर होता. टाकी चार वर्षांची. समोरची टाकी २०० लिटरची, खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर दोन्हींत मिळून खरं पाणी साधारण २२० लिटर. सोबत मश्रूम कोरल, केनिया ट्री नावाचं मऊ कोरल, झोअँथिड या कोरलच्या भाऊबंदांचे दोन पुंजके, क्लाउनफिशची जोडी, एक गोबी मासा, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी) आणि गोगलगायी.

टाकीच्या पाण्याची आणि प्राण्यांची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवतो. ही हकिकत त्या वहीवरूनच लिहितोय. आठवणीवर लिहिली असती तर मुख्य गोष्ट निसटलीच असती, कारण ती गोष्ट वहीत "दुरुस्ती" म्हणून नोंदलेली होती.

पहिले नऊ दिवस

पहिल्या दिवशी दुपारी दिवे लागून दोन तास झाले तरी पॉलिप बाहेर आले नाहीत. टोडस्टूल पाळणाऱ्याला यात नवल वाटत नाही. हे कोरल अधूनमधून मिटतं, छत्रीवर मेणचट, चकचकीत थर चढतो, काही दिवसांनी तो पापुद्र्यासारखा सुटून जातो आणि खालून स्वच्छ कातडं, ताजे पॉलिप दिसू लागतात. अंगावर बसलेलं शेवाळ, गाळ, जिवाणू झटकून टाकायची ही त्याची पद्धत. माझ्या वहीत आधीच्या वर्षभरात अशा चार नोंदी होत्या: पाच दिवस, सहा दिवस, पाच दिवस, सात दिवस. त्यामुळे पाचवी वेळ म्हणून मी लिहिलं, "कात टाकतंय," आणि पुढच्या कामाला लागलो.

चौथ्या दिवशी थर चढला. सातव्या दिवशी तो होता तसाच. नवव्या दिवशी त्यावर तपकिरी शेवाळाची पुसट साय दिसू लागली. इथेच थांबून बघायला हवं होतं. मिटलेलं टोडस्टूल ते मिटलंय एवढंच सांगतं. निरोगी मिटणं आणि आजारी मिटणं वरून सारखंच दिसतं. फरक कळतो तो देठावरून. कात टाकणाऱ्या टोडस्टूलचा देठ ताठ असतो, छत्री आखडली तरी तिची कड गुळगुळीत राहते, थर सगळीकडे सारखा चमकतो. माझ्या टोडस्टूलचा देठ नवव्या दिवशी एका बाजूला कलला होता आणि छत्रीची मागची कड आत वळली होती. फोटोत ते स्वच्छ दिसतं. फोटो काढताना माझं लक्ष वरच्या थराकडे होतं.

देठाचं महत्त्व नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लेदर कोरलला कठीण कोरलसारखा दगडी सांगाडा नसतो. त्याच्या मांसात चुनखडीचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात, त्यांना स्क्लेराइट म्हणतात. ते थोडा आधार देतात. बाकीचा ताठपणा आत भरलेल्या पाण्याचा. छत्रीवर दोन तऱ्हेचे पॉलिप असतात. आपल्याला दिसतात ते मोठे, प्रत्येकाला पिसासारखे आठ हात. त्यांच्या मधल्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतात, तेही पॉलिपच. त्यांचं काम पाणी आत-बाहेर खेळवणं. हे काम मंदावलं की फुगा सैल पडावा तसा देठ सैल पडतो. देठ कलणं म्हणजे प्राण्याच्या आतलं पाण्याचं गणित बिघडल्याची खूण.

आकडे बघितले आणि तिथेच चूक झाली

दहाव्या दिवशी मी पाण्याच्या सगळ्या चाचण्या केल्या. वहीतली ओळ अशी आहे: तापमान २५.८, खारेपणा ३५, अल्कलिनिटी ९.१ डीकेएच, कॅल्शियम ४७०, मॅग्नेशियम १४५०, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०६. खारेपणा म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात किती ग्रॅम क्षार, आणि अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, जी डीकेएच या एककात मोजतात. शेजारी लिहिलंय, "सगळं ठीक."

रीफ टाकीसाठी, म्हणजे कोरलच्या टाकीसाठी, अल्कलिनिटी ७ ते ११, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १४०० असे पल्ले साधारणपणे सांगितले जातात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडे वर होते, पण सॉफ्ट कोरलच्या टाकीत तेवढ्यानं कुणी घाबरत नाही. मीही प्रत्येक आकडा त्या पल्ल्याशी ताडला आणि एकेकाला पास करत गेलो.

स्वतःच्याच वहीतलं मागचं पान उलटायला हवं होतं. आधीचे सहा महिने माझ्या टाकीत अल्कलिनिटी ८.२ च्या आसपास, कॅल्शियम ४२५, मॅग्नेशियम १३०० असायचं. आता तिन्ही आकडे वर गेले होते आणि तिन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात, सुमारे ११ टक्क्यांनी. एकट्या कॅल्शियमचा आकडा चढला तर डोसिंगमध्ये, म्हणजे बाहेरून क्षार घालण्यात, काही चुकलं असं म्हणता येतं. तिन्ही एकाच पटीत चढले तर त्याचा अर्थ एकच: पाणीच दाट झालंय.

हे समुद्रविज्ञानातलं जुनं तत्त्व आहे. समुद्राचं पाणी कुठलंही घ्या, कमी खारट असो की जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ कायम असतं. चॅलेंजर या जहाजानं १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून जे नमुने आणले, त्यांतल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी केलं आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातून हे तत्त्व पक्कं झालं. घरच्या टाकीत डोसिंगमुळे हे प्रमाण थोडं हलतं, तरी तिन्ही आकड्यांनी हातात हात घालून चढणं म्हणजे खारेपणा वाढल्याचा सरळ पुरावा. खारेपणा मोजायच्या माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर मात्र ३५ दिसत होता आणि मी त्या उपकरणावर विश्वास ठेवला.

पुढचे पाच दिवस वाया गेले, आणि नुसते वाया गेले नाहीत. मी आयोडीनचे थेंब सुरू केले, दिव्याची तीव्रता वाढवली. एकही बदल रोगाचं कारण समजून केलेला नव्हता. कोरल मिटलंय, काहीतरी करायला हवं, एवढंच डोक्यात होतं. मिटलेल्या कोरलवर प्रकाश वाढवणं तर सरळ चूक. त्याच्या आत राहून प्रकाशावर अन्न बनवणारी शैवालं त्या प्रकाशाचा उपयोग करण्याच्या अवस्थेत नसतात.

किडीचा संशय मात्र मी नीट तपासला, त्याचं समाधान आहे. काही समुद्री गोगलगायी लेदर कोरलवरच जगतात. ओव्हुला ओव्हुम ही पांढरीशुभ्र कवडी त्यांतली नावाजलेली. काही विनाकवचाच्या गोगलगायी तर पॉलिपचंच रूप घेऊन बसतात. लागोपाठ तीन रात्री, दिवे जाऊन दोन तास झाल्यावर, लाल कागद लावलेली टॉर्च घेऊन मी छत्रीची खालची बाजू, देठाचं बूड, दगडाची फट बघितली. अंडी नाहीत, चावल्याच्या खुणा नाहीत. मागच्या दगडावर एक ॲप्टेशिया, म्हणजे डंख मारणारा उपद्रवी सी ॲनिमोन, सापडला, पण तो चार सेंटीमीटर अंतरावर होता आणि त्याचे हात कोरलपर्यंत पोचत नव्हते. त्याला पेस्ट लावून संपवला. क्लाउनफिशची जोडी या कोरलमध्ये कधी शिरत नाही, त्यामुळे त्यांच्या घासण्याचा प्रश्नच नव्हता.

वास

सोळाव्या दिवशी सकाळी ताई टाकीवरची जाळी काढून माशांना खाणं घालत होती. ती म्हणाली, "अरे, याला वास येतोय. रोजचा समुद्राचा नाही, वेगळाच." मी नाक जवळ नेलं. निरोगी टाकीला ओल्या दगडाचा, खारट वास येतो. हा सडक्या अंड्याकडे झुकणारा होता, फार मंद, पण एकदा ओळखल्यावर विसरता येणार नाही असा.

टाकीच्या मागच्या काचेतून आरसा धरून बघितलं तेव्हा दिसलं. आत वळलेल्या कडेच्या घडीत, दगडाच्या आडोशाला, नखाएवढा डाग. कडेला राखाडी, मध्ये तपकिरी आणि गाळासारखा मऊ. पिपेटनं हलकं पाणी मारलं तर त्यातून चिंध्या सुटल्या. थर तिथे सुटला नव्हता, त्याच्याखाली गाळ अडकला होता आणि मांस कुजायला लागलं होतं. त्याच फेरीत बाकीचंही नजरेत भरलं. मश्रूम आकसून अर्ध्यावर आले होते, एक गोगलगाय वाळूत उलटी पडली होती, श्रिम्प दोन दिवस गुहेतून बाहेर आला नव्हता. एका कोरलचा आजार म्हणून मी जे बघत होतो, ते सगळ्या टाकीचं दुखणं होतं.

या छंदातल्या एका जाणत्या माणसाला मी फोन केला. मी त्यांना दादा म्हणतो. ते संध्याकाळी आले. कोरलकडे त्यांनी क्षणभर बघितलं आणि आधी वही मागितली. पानं मागे उलटत ते पंचवीस दिवसांपूर्वीच्या एका नोंदीवर थांबले: "रिफ्रॅक्टोमीटरचं शून्य पुन्हा लावलं. खारेपणा ३१ निघाला! सहा दिवसांत ३५ वर आणला."

"शून्य कशावर लावलंस?"

"आरओच्या पाण्यावर, दादा. नेहमी तसंच लावतो."

"लावण्याआधी काच पुसली होतीस?"

मला आठवेना. त्यांनी पिशवीतून ३५ खारेपणाच्या प्रमाणित द्रवाची बाटली काढली, माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकले आणि उपकरण माझ्या हातात दिलं. निळी-पांढरी सीमा ३१ वर होती.

घडलं होतं ते असं. काचेवर आधीच्या वापराचं वाळलेलं मीठ होतं. त्यावर आरओचा थेंब टाकला तेव्हा ते मीठ विरघळलं आणि तो थेंब शुद्ध पाणी राहिला नाही. त्याचा खारेपणा चारच्या आसपास गेला. मी स्क्रू फिरवून त्यालाच शून्य ठरवलं. त्या क्षणापासून उपकरण प्रत्येक वाचनात चार कमी दाखवू लागलं. टाकी मुळात ३५ वर होती, मला ती ३१ दिसली. मी घाबरलो आणि "दुरुस्ती" सुरू केली: रोज उडून जाणाऱ्या चार लिटर पाण्याच्या जागी आरओऐवजी खारं पाणी, तेही याच उपकरणावर ३५ मोजलेलं, म्हणजे खरं ३९ चं. सहा दिवसांत २२० लिटर पाणी ३५ वरून ३९ वर गेलं. शेवटची भर घातल्यावर तिसऱ्या दिवशी टोडस्टूल मिटलं. वहीत ही दोन्ही पानं समोरासमोर आहेत.

इथे कुणी विचारेल, ३९ म्हणजे काही अघोरी आकडा आहे का? तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला खारेपणा ४० च्या पुढे असतो आणि सार्कोफायटॉन तिथेही नांदतं. खरं आहे. पण तिथली कोरलं त्याच पाण्यात जन्मलेली असतात. कोरलला अंगातला खारेपणा बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळा राखता येत नाही. बाहेरचं पाणी खारट झालं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशींना आतली रसायनं नव्यानं जुळवून घ्यावी लागतात. त्याला वेळ लागतो. सहा दिवसांत चार अंश चढवणं म्हणजे तो वेळ न देणं. पाण्यावर ताठ उभा राहणारा देठ आधी का ढिला पडला, ते इथे उलगडतं.

आधी काय करायचं

दोन कामं होती आणि दोघांची गती उलटी. खारेपणा हळू उतरवायचा होता. कुजणं थांबवायला मात्र एक रात्रही थांबता येणार नव्हतं. सॉफ्ट कोरलचं कुजलेलं मांस शेजारच्या निरोगी मांसात झपाट्यानं सरकतं, आणि एवढं मोठं लेदर टाकीतच विरघळलं तर अमोनिया आणि त्याच्या अंगातली रसायनं मिळून बाकीच्यांनाही घेऊन जातात. म्हणून त्याच रात्री कापायचं ठरलं.

वेगळ्या बादलीत हलवून उपचार करावेत का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. वीस लिटरच्या बादलीत तापमान आणि खारेपणा पटकन हलतात, आणि नुकतंच कापलेलं लेदर स्वतःच त्या पाण्यात विष सोडतं. मोठ्या टाकीत पाणी जास्त, घाण फेसातून बाहेर काढणारा स्किमर आहे, रसायनं शोषणारा कार्बन आहे. आम्ही टाकीतच ठेवायचं ठरवलं. कोरल हाताएवढ्या सुट्या दगडावर होतं, उचलता येत होतं, म्हणून हे जमलं.

तयारीतली एक गोष्ट दादांनी सांगितली नसती तर मी चुकलोच असतो. डिपसाठी, म्हणजे कापलेलं कोरल औषधी पाण्यात बुडवण्यासाठी, मी ३५ चं ताजं पाणी बनवायला निघालो होतो. ते म्हणाले, "ते कोरल आत्ता ३९ मध्ये आहे. डिपही ३९ चाच कर. बरं करायच्या नादात त्याला आणखी एक धक्का देऊ नकोस." मग टाकीचंच पाणी दोन भांड्यांत काढलं, एक डिपसाठी, एक धुण्यासाठी.

हातमोजे आणि चष्मा आम्ही दोघांनी घातला. लेदरचा चीक त्रासदायक असतोच, पण खरं कारण शेजारच्या दगडावरचे झोअँथिड. काही झोअँथिडमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. त्या दगडाला घासून गेलेला हात डोळ्याकडे किंवा जखमेकडे जाता कामा नये. अशा दगडावर गरम पाणी तर कधीच ओतू नये. वाफेतूनही विषबाधा होते.

कोरल ट्रेमध्ये काढल्यावर ते आणखी आकसलं आणि त्यानं पाणी सोडलं. छत्री हातात जड, थंड, भिजलेल्या चामड्यासारखी. नवं सर्जिकल पातं घेऊन डागाच्या कडेपासून एक सेंटीमीटर आत, निरोगी मांसात, पाचरीच्या आकाराचा काप घेतला. पातं मांसातून जाताना बारीक करकर ऐकू येते, वाळूच्या गोणीत सुरी जावी तशी, ती स्क्लेराइटची. निरोगी मांस आतून घट्ट आणि फिकट, एकसारखं दिसतं. काप पडल्यावर मी भिंग धरून दोन्ही कडा बघितल्या. एका कडेला राखाडी रेघ राहिली होती. पुन्हा अर्धा सेंटीमीटर घेतला. तिथे हात आखडू नये. राहिलेली रेघ वाचवलेल्या मांसाची किंमत वसूल करते, हे मला पाच दिवसांनी कळणार होतं.

त्यानंतर आयोडीनचा डिप, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, दहा मिनिटं, मधूनमधून पिपेटनं जखमेवर पाणी खेळवत. मग दुसऱ्या भांड्यात धुणं. डिपचं पाणी टाकीत परत घातलं नाही.

छत्रीच्या पुढच्या, पूर्ण निरोगी कडेतून तीन सेंटीमीटरचा एक तुकडाही कापून घेतला. मूळ कोरल गेलंच तर निदान त्याचा अंश राहावा म्हणून. लेदर इतका चीक सोडतं की त्याला गोंद धरत नाही, आणि रबरबँड घट्ट बसला तर मांस कापत जातो. तो तुकडा मी एका वाटीत दगडाच्या बारीक खड्यांवर ठेवला, वर जाळीदार कापड ताणलं आणि वाटी कमी प्रवाहात ठेवली. बारा दिवसांत त्यानं दोन खडे धरले.

टाकीत परत ठेवताना जागा बदलली. जुन्या जागी छत्रीची मागची बाजू दगडाच्या आडोशाला होती, आणि पॉवरहेडची, म्हणजे टाकीत प्रवाह खेळवणाऱ्या पंपाची, जाळी कोरलाइन या दगडी शेवाळानं निम्मी बुजलेली होती. जाळी साफ केली, कोरल पुढे आणलं, आणि प्रवाह सरळ न मारता समोरच्या काचेवर आपटून फिरून येईल असा लावला. ताज्या कार्बनची पिशवी सम्पमध्ये ठेवली आणि पहिले चार दिवस ती रोज बदलली. कापलेलं लेदर टर्पिन गटातली रसायनं सोडतं, जी समुद्रात शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी असतात, आणि बंद टाकीत ती सगळ्यांच्याच वाट्याला येतात. त्या रात्री स्किमरला इतका फेस आला की त्याचा कप दोनदा रिकामा करावा लागला. आयोडीनचे थेंब बंद, दिवे पूर्वीच्या तीव्रतेवर.

पाणी उतरवणं

रिफ्रॅक्टोमीटरची काच कोमट आरओ पाण्यानं धुऊन, मऊ कापडानं कोरडी करून, ३५ च्या द्रवावर लावली. टाकी ३९ दाखवू लागली. उतरवण्याचा हिशोब सोपा आहे: २२० लिटर पाण्यात अर्धा अंश कमी करायचा तर सुमारे २.८ लिटर टाकीचं पाणी काढून तेवढंच आरओ पाणी घालायचं. रोज तेवढंच, त्याहून जास्त नाही, आणि तेही सम्पमध्ये थेंबाथेंबानं, कोरलवर थेट नाही. आठ दिवस लागले. चोविसाव्या दिवशी टाकी ३५ वर आली. अल्कलिनिटी ८.२, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ; मी त्यांना हातही लावला नव्हता.

पाणी उतरवायला लागल्यापासून चौथ्या दिवशीच श्रिम्प बाहेर आला. मश्रूम आठवड्यात पसरले. उलटी पडलेली गोगलगाय गेली.

दुसरा काप आणि त्यानंतर

एकविसाव्या दिवशी जखमेच्या एका टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी राखाडी रेघ पुन्हा दिसली. ती त्या पहिल्या कडेचीच होती. या वेळी कोरल पूर्ण बाहेर काढलं नाही. छत्री पाण्याबाहेर येईल एवढा दगड उचलून धरला, तेवढा भाग कापला, आयोडीन कापसाच्या बोळ्यानं जखमेवर एक मिनिट धरलं, धुतलं, परत ठेवलं. त्यानंतर कुजणं परत आलं नाही.

बाविसाव्या दिवशी थर सुटायला लागला. छत्रीच्या पुढच्या कडेला एक पापुद्रा उचलला गेला, प्रवाहात फडफडला आणि तळहाताएवढा एकसंध तुकडा सुटून वाहत निघाला. त्यावर शेवाळाची तीच तपकिरी साय होती. मी पॉवरहेड लगेच बंद केला आणि नळीनं तो ओढून घेतला, कारण हा चिकट पापुद्रा केनिया ट्रीवर जाऊन बसला असता तर तिथेही हाच प्रकार झाला असता. उरलेला थर तीन दिवस तुकड्यातुकड्यानं गेला. मी बोट लावून सोलला नाही. मोह फार होतो, पण खालचं कातडं तयार नसेल तर सोलल्यानं नवी जखम होते.

देठ सव्विसाव्या दिवशी सरळ झाला. पॉलिपच्या आधी देठ, हे मला महत्त्वाचं वाटतं. बरेच जण पॉलिप येईपर्यंत कोरलला आजारी धरतात आणि तोवर उपचार चालू ठेवतात. देठ ताठ, थर गेलेला, जखमेची कड फिकट आणि गोलसर: यानंतर करण्यासारखं काही उरत नाही, आणि काही करूही नये. मी त्या दिवसापासून फक्त बघत राहिलो.

एकोणतिसाव्या दिवशी छत्रीच्या मध्यभागी पॉलिपची पहिली टोकं दिसली. संध्याकाळपर्यंत त्यांतल्या पंधरा-वीस पॉलिपनी आठ-आठ हात उघडले. ताईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मधूनच सुरुवात केली की यानं." चाळिसाव्या दिवशी छत्रीचा बहुतेक भाग भरला होता.

कारण आणि जखम

दादांचं मत असं की सगळं खारेपणानं झालं. मला त्यात थोडी भर घालावीशी वाटते. खारेपणाचा धक्का सगळ्या कोरलला सारखाच बसला होता, पण जखम झाली ती फक्त आडोशाच्या कडेला, जिथे प्रवाह पोचत नव्हता. खारेपणानं कोरल मिटवलं. साचलेल्या पाण्यानं त्याला जखम केली. जाळी साफ असती तर बहुधा थर उशिरा का होईना सुटला असता आणि काप टळला असता. उलट नुसती जाळी साफ केली असती आणि पाणी ३९ वरच राहिलं असतं तर देठ सरळ झाला नसता. दोन्ही दुरुस्त्या एकाच रात्री सुरू झाल्या, म्हणून कोरल वाचलं असं मी धरतो.

वहीत आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. प्रत्येक चाचणीच्या आकड्याशेजारी आधीच्या तीन महिन्यांची सरासरी लिहितो. पल्ला लिहायचं मी सोडून दिलंय. आणि महिन्यातून एकदा ३५ चा द्रव टाकून रिफ्रॅक्टोमीटर काय दाखवतो ते, काच पुसल्याच्या बरोबरच्या खुणेसह, नोंदवतो. एकट्या खारेपणाच्या आकड्यानं दोन अंशांहून मोठी उडी दाखवली तर टाकीत काहीही घालण्याआधी दुसऱ्या उपकरणावर मोजायचं, असं पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

एकाहत्तराव्या दिवसाची नोंद ही शेवटची जोडतो. छत्रीला मागे अजून खाच आहे, पण तिच्या दोन्ही कडा जवळ येऊन एक घडी झाली आहे आणि त्या घडीच्या ओठावर नवे पॉलिप फुटलेत. बाकीच्यांच्या निम्म्या उंचीचे, रंगानं जरा फिकट, दिवे लागल्यावर सगळ्यात शेवटी उघडणारे. वाटीतला तुकडा आता स्वतःच्या दगडावर आहे. त्याला देठ यायला लागलाय, आणि गेल्या आठवड्यात तो पहिल्यांदा मिटला. थर चढला, पाचव्या दिवशी सुटला. मी देठ बघितला, ताठ होता. टाकीत काहीही घातलं नाही.